झ्युरिक: रीटबर्ग संग्रहालयासाठी अर्धा दिवस काढावा का?

निखळ

नमस्कार मंडळी. आई-बाबा, बायको आणि आठ वर्षांची लेक असे आम्ही सप्टेंबरात स्वित्झर्लंडला चाललोय. झ्युरिकला रविवारी रात्री उतरणार, बुधवारी सकाळी इंटरलाकेनची गाडी. म्हणजे शहरासाठी सोमवार आणि मंगळवार. तळ्यातली बोट, जुनं गाव, बाबांच्या हट्टापायी एक डोंगर, एवढं ठरलंय. घोडं अडलंय ते म्युझियम रीटबर्गपाशी.

बायकोला तिथे जायचंच आहे. एका मोठ्या बागेत जुना बंगला आहे आणि आत भारत, चीन, जपान, आफ्रिका, अमेरिका असं युरोप सोडून सगळीकडचं काही ना काही ठेवलंय, एवढं तिने वाचलंय. बाबांचं म्हणणं असं की नटराज बघायला माणूस तमिळनाडूत जातो, स्वित्झर्लंडमध्ये माणूस बर्फ बघायला जातो. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिथे बसायला मिळेल तिथे ती खूष. मी मधल्या मध्ये.

कोणी गेलंय का? खरंच बघण्यासारखं आहे, की "तिकडेही आपलं काहीतरी आहे" एवढंच समाधान? किती वेळ लागतो? जिने किती आहेत? आणि लेक कंटाळेल का?

तिरकस

बाबांना माझा नमस्कार सांगा. आपल्याकडून नेलेल्या मूर्ती बघायला आपणच फ्रँक मोजायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याचा खरं तर पुतळा बसवायला हवा. डोंगरावर जा. डोंगर तरी त्यांचा स्वतःचा आहे.

दोन_नंबरचा_फलाट

मी झ्युरिकमध्ये नोकरी करतो. बघावं की नाही ते तुम्ही ठरवा, कामाचं तेवढं सांगतो.

सोमवारी संग्रहालय बंद असतं, त्यामुळे तुमच्यापुढे मंगळवारच उरतो. दारं सकाळी दहाला उघडतात, पाचला बंद. बुधवारी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं, पण तोवर तुम्ही इंटरलाकेनला पोचलेले असाल. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर वेळा बघून घ्या, कारण दोन खास प्रदर्शनांच्या मधल्या दिवसांत काही दालनं बंद असू शकतात.

बानहोफश्ट्रासवरून सात नंबरची ट्राम, वोलिसहोफेनच्या दिशेची. थांब्याचं नावच म्युझियम रीटबर्ग आहे. तिथून बागेत थोडं चढून जावं लागतं. चढ फार नाही, पण आईंना सांगून ठेवा. ट्राममध्ये कंडक्टर नसतो, तिकीट थांब्यावरच्या यंत्रातून आधी काढायचं. शहरातल्या शहरात ११० नंबरचा झोन पुरतो. स्विस ट्रॅव्हल पास काढणार असाल तर ट्राम त्यातच येते आणि संग्रहालयाचा प्रवेशही. खास प्रदर्शनाला वेगळे पैसे पडतात का, ते खिडकीवर विचारा. बागेला तिकीट नाही.

आत लिफ्ट आहे. बाटली भरायला पैसे घालवू नका, या शहरात हजारावर कारंजी आहेत आणि "पिऊ नये" अशी पाटी नसेल तर पाणी पिण्याचंच असतं.

ड्रॉइंगबाई

ट्राम, तिकीट सांगून झालंय, ते मी पुन्हा उगाळत नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात जन्म गेला. आता वर्षातले काही महिने मुलीकडे एंगे भागात असते आणि रीटरपार्क, म्हणजे या संग्रहालयाभोवतीची बाग, हा माझा सकाळच्या फेरीचा रस्ता. तेव्हा मी जे सांगेन ते पाहुणी म्हणून नव्हे, शेजारीण म्हणून.

निखळ, बाबांच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते त्या नटराजापाशीच आहे.

इथला नटराज चोळकाळातला आहे, बाराव्या शतकाच्या सुमाराचा, ब्राँझचा. आता तमिळनाडूतल्या देवळात ही उत्सवमूर्ती आपल्याला कशी दिसते ते आठवा. रेशमी वस्त्र, चंदन, हारांवर हार. चेहरा दिसतो, फार तर एक हात. तोही मागचा माणूस ढकलेपर्यंत. ते दर्शन आहे, त्यात कमी काही नाही. पण ओतकाम करणाऱ्याने काय केलंय ते तिथे कळत नाही, कळू द्यायचंही नसतं. इथे देव उघडा आहे. आधी मेणाची मूर्ती करून, त्यावर मातीचा साचा थापून, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतायचा, ही रीत. साचा फोडूनच मूर्ती बाहेर काढायची, त्यामुळे तशी दुसरी होत नाही. बोटं बघा, जटा बघा. अशा मूर्तींच्या पीठाला मिरवणुकीच्या दांड्यांसाठी कड्या किंवा भोकं ठेवलेली असतात, ती शोधायला लेकीला सांगा. म्हणजे हा देव फिरायचा, एका जागी बसणारा नव्हता, हे तिला आपोआप कळेल.

आणि तोल बघा. सगळा भार वाकलेल्या उजव्या गुडघ्यावर, डावा पाय उचललेला, डावा हात हत्तीच्या सोंडेसारखा आडवा येऊन त्याच पायाकडे बोट दाखवतोय. कपाळापासून मनातल्या मनात ओळंबा सोडा आणि तो पायाखालच्या बुटक्या असुरावर, अपस्मारावर, कुठे येतो ते बघा. मी वर्गात मुलांना उभा माणूस काढायला शिकवायचे तेव्हा निम्म्या वर्गाचा माणूस पडायच्या बेतात असायचा. हा एका पायावर नाचतो आणि पडत नाही. तो का पडत नाही, हे देवळातल्या रांगेत उभं राहून शोधता येत नाही.

बाबांना एवढं सांगा. नाही पटलं तर बागेत बाकडी आहेत, झाडांमधून तळं दिसतं आणि हवा स्वच्छ असेल तर आल्प्सचा बर्फही. त्यांचा बर्फ फुकट होईल.

आता बायकोला सांगायचं ते. भारतीय चित्रांच्या दालनात जा. पहाडी, राजस्थानी, मुघल लघुचित्रांचा इथला संग्रह मोठा आहे. कागदावरची चित्रं उजेडाने उडतात, म्हणून ती मंद दिव्यात ठेवतात आणि दर काही महिन्यांनी बदलतात. तुम्ही जाल तेव्हा कुठली लागलेली असतील ते मी सांगू शकत नाही. पण नैनसुखचं एक जरी लागलेलं असेल तरी त्यापुढून हलू नका. अठराव्या शतकातला गुलेरचा चित्रकार, जसरोटाच्या बलवंतसिंहाच्या पदरी होता. राजाला त्याने दाढी कातरून घेताना काढलंय, थंडीत पांघरुणात गुरफटून शेकोटीपाशी बसलेला काढलंय. दरबारी चित्रकाराला एवढी मोकळीक कोणी दिली आणि ती त्याने किती अदबीने वापरली, ते बघत राहावं.

आणि या नैनसुखची गोष्ट या संग्रहालयाशी बांधलेली आहे. पहाडी चित्रं म्हणजे कांगडा कलम, बसोली कलम (कलम म्हणजे शैली), असंच आम्ही शिकलो आणि तसंच शिकवलं. संस्थानाचं नाव, चित्रकाराचं नाही. चंदीगडचे कला-इतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी काय केलं, तर हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्या उघडल्या. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या वहीत आजोबा-पणजोबांची सही सापडते ना, तशाच त्या वह्या. तीर्थाला गेलेल्या चित्रकारांनी आपलं कूळ तिथे लिहून ठेवलं होतं. त्यातून पंडित सेऊ, त्याचे मुलगे मानकू आणि नैनसुख, मग त्यांची मुलं, असं सगळं घराणं उभं राहिलं. शैली संस्थानाची नव्हती, घराण्याची होती. रीटबर्गचे तेव्हाचे संचालक एबरहार्ड फिशर यांनी गोस्वामींबरोबर पुढे कितीतरी वर्षं या विषयावर काम केलं आणि २०११ साली इथे भारतीय चित्रकारांचं मोठं प्रदर्शन झालं. मांडणी राजवंशांप्रमाणे नाही, चित्रकारांप्रमाणे. तेच पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेलं.

फिशर यांनी हेच आफ्रिकेच्या बाबतीत केलं. त्यांचे सावत्र वडील हान्स हिमेलहेबर १९३० च्या दशकापासून आयव्हरी कोस्टच्या गावागावांतून हिंडत होते आणि मुखवटा हातात घेतला की "हा कोणी कोरला?" असं विचारत होते. त्या काळात बाकी जगाला आफ्रिकेतलं सगळं "जमातीचं" वाटत होतं, कोण्या एका माणसाचं नव्हे. आयव्हरी कोस्टच्या शिल्पकारांवर २०१४ साली इथे प्रदर्शन झालं ते या खटाटोपाचं फळ. म्हणून मी या जागेला नाकं मुरडत नाही. "हे कोणत्या देवाचं" याबरोबर "हे कोणी केलं" हेही विचारणारी माणसं इथे होती.

नाक एका बाबतीत मुरडते. पाट्या वाचा. देणगीदाराचं नाव प्रत्येक पाटीवर न चुकता सापडेल. करणाऱ्याचं नाव क्वचित. आमच्या शाळेतले पंखेही तसेच होते, पात्यांवर देणगीदार.

घाईत असाल तर बंगल्याचा इतिहास सोडून द्या. ओटो वेझेनडोंक नावाच्या रेशीम व्यापाऱ्याने तो बांधला, १८५७ मध्ये राहायला आला, शेजारच्या घरात त्याने संगीतकार रिचर्ड वाग्नरला आसरा दिला, आणि वाग्नर ओटोच्या बायकोच्या, मॅथिल्डाच्या, प्रेमात पडला. तिच्या पाच कवितांना त्याने चाली लावल्या. पुढच्या वर्षी एक पत्र वाग्नरच्या बायकोच्या हाती लागलं आणि सगळं विस्कटलं. इथले मार्गदर्शक हे फार रंगवून सांगतात. मला नटराज सोडून ते ऐकायला वेळ नसतो.

दोन_नंबरचा_फलाट

बाई, इतकी वर्षं या शहरात राहतो, ट्राम त्या थांब्यावरून रोज जाते आणि मी आत फक्त कंपनीच्या पाहुण्यांबरोबर गेलोय. हिरव्या काचेची ती पेटी बघितली आणि कॉफी पिऊन परत आलो.

ड्रॉइंगबाई

ती पेटी म्हणजे दार आहे हो! २००७ साली संग्रहालय वाढवलं तेव्हा जुन्या बागेला धक्का नको म्हणून नवी दालनं जमिनीखाली नेली आणि वर फक्त काचेचा मंडप ठेवला. त्याला स्मारागड म्हणतात, पाचू. आल्फ्रेड ग्राझिओली आणि आडोल्फ क्रिशानित्स हे वास्तुविशारद. काचेवर हिरवी नक्षी आहे आणि ढगाळ दिवशी झाडं त्यात मिसळून जातात. तुम्ही वरच्या वरून परत आलात म्हणजे पाण्याला न शिवता नदी बघून आलात. पुढच्या वेळी खाली उतरा. चीनच्या बौद्ध शिळा बघा, सहाव्या शतकाच्या आसपासच्या. दगड उंच आणि पातळ, त्यावर बुद्ध आणि बाजूला दात्यांच्या रांगा. चिनी मातीची भांडीही आहेत, मेइयिनतांग संग्रह. झुएलिग बंधूंनी जमवलेला, थेट नवाश्मयुगातल्या मडक्यांपासूनचा. चकचकीत राजवाडी भांड्यांपुढे गर्दी असते, त्या मडक्यांपुढे कोणी नसतं. हातांची खरी कमाल मला तिथे दिसते.

आफ्रिकेचं दालनही खालीच. मुखवटे काचेआड, वरून एकेक दिवा. दिसतात देखणे, पण मुखवटा म्हणजे नुसतं लाकूड नव्हे. त्याच्याखाली गवताचा झगा असतो, पाय असतात, ढोल असतो, पळणारी पोरं असतात. दशावतारातला मुकुट खिळ्याला टांगून "हा पाहा दशावतार" म्हणण्यातला प्रकार. त्यांना दुसरं करता येण्यासारखं नाही, हे मान्य. तरी कुठे जुनी फिल्म लावलेली दिसली तर आईंना घेऊन तिथे बसा, गुडघ्यांनाही बरं.

तिरकस

बाई, तुम्ही फार गोड लिहिता, पण माझ्या मुद्द्याला बगल देऊन पुढे गेलात. घराणी, बह्या, तोल, सगळं मान्य. मूर्ती आली कशी, ते बोला. हा देणगीदार कोण? पाटीवर ज्याचं नाव न चुकता असतं तो?

ड्रॉइंगबाई

बोलते की. तुम्ही विचारायची वाटच बघत होते.

नाव एडुआर्ड फॉन डेर हाइट. जन्म १८८२, जर्मनीतल्या एल्बरफेल्डचा, आताचं वुपरटाल. पेशाने बँकर. जर्मनीचा पदच्युत सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा याचे पैसेही हाच सांभाळायचा. १९२६ मध्ये याने स्वित्झर्लंडमधल्या आस्कोनाचा माँटे व्हेरिटा हा डोंगर विकत घेतला. कलेचा नाद जबर. पण तुम्हाला वाटतंय तसा हा माणूस कुदळ घेऊन देवळात शिरला नाही. भारतात, आफ्रिकेत जाऊन त्याने गोळा केलं नाही. ॲमस्टरडॅम, पॅरिस, बर्लिनच्या दलालांकडून विकत घेतलं आणि युरोपभरच्या संग्रहालयांत उसनं ठेवलं. विकत घेतलं म्हणजे स्वच्छ झालं का? नाही. दलालाकडे ते कुठून आलं, तिथे तुमचा प्रश्न सुरू होतो.

आणि तो स्वतःही साधासुधा नव्हता. १९३३ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला. १९३७ मध्ये स्विस नागरिकत्व मिळवलं. युद्धाच्या काळात जर्मन गुप्तहेर खात्याचे पैसे त्याच्या हातून फिरले, म्हणून युद्धानंतर इथे त्याच्यावर खटला झाला. १९४८ मध्ये सुटला. साधारण त्याच सुमारास त्याचा संग्रह झ्युरिक शहराला मिळाला, १९४९ मध्ये शहरातल्या मतदारांनी बंगल्याचं संग्रहालय करायला मत दिलं आणि १९५२ मध्ये दारं उघडली. आता हा क्रम वाचून तुम्हाला जे वाटतंय तेच मलाही वाटतं. मुलीकडे पहिल्यांदा आले तेव्हा हे ऐकून मी जावयाशी तावातावाने भांडले होते, जणू काही त्यानेच खटला चालवला होता.

पण संग्रहालय हे लपवत नाही, एवढं त्यांच्या पदरात घालावं लागेल. वस्तू इथवर कशा पोचल्या, यावरच त्यांनी २०२२ साली एक प्रदर्शन केलं. बेनिनचं तुम्ही ऐकलं असेल. आज नायजेरियात असलेल्या बेनिनच्या राजवाड्यावर इंग्रजांनी १८९७ मध्ये चाल केली, शहर जाळलं आणि हजारोंनी ब्राँझ, हस्तिदंत लुटून नेलं. स्वित्झर्लंडमधली आठ संग्रहालयं २०२१ मध्ये एकत्र आली, पुढाकार रीटबर्गचा. नायजेरियातल्या अभ्यासकांना बरोबर घेऊन आपल्याकडच्या ९६ वस्तू तपासल्या आणि निम्म्याहून जास्त लुटीतल्या आहेत किंवा असण्याची दाट शक्यता आहे, असं स्वतःच जाहीर केलं. परत देण्याची तयारीही बोलून दाखवली.

म्हणून माझं म्हणणं, पाटी पूर्ण वाचा. देणगीदाराचं नाव, साल, आधी कुणाकडे होतं ते. सगळ्या पाट्यांवर सगळं नसतं. जिथे नाही तिथे खिडकीवरच्या माणसाला विचारा, तुमच्यासारख्यांनी तर आवर्जून विचारा. डोंगरावर बसून हे विचारता येणार नाही.

एक मात्र तुमच्या बाजूचं नाही. सगळंच असं आलेलं नाही. ॲलिस बोनर नावाची स्विस शिल्पकार होती. उदयशंकरांचं नृत्य बघून भारावली, १९३० मध्ये त्यांच्याबरोबर भारतात आली, त्यांचा नृत्यसंच उभा करायला मदत केली आणि १९३६ पासून बनारसला गंगेकाठच्या घरात राहिली. चाळीस वर्षांहून जास्त. आपलं वेरूळ, बदामी, महाबलीपुरम इथल्या लेण्यांतली शिल्पं समोर ठेवून तिने त्यांच्या रचनेची भूमिती शोधली, वर्तुळं आणि तिरप्या रेषा काढून. वर मी ओळंब्याचं लिहिलं ना, तो नाद मला तिच्या आकृत्या बघूनच लागला. भारत सरकारने १९७४ मध्ये तिला पद्मभूषण दिलं. तिच्याकडची लघुचित्रं तिने या संग्रहालयाला दिली. तिला चोर म्हणाल?

तिरकस

तिला नाही म्हणणार. बँकरबद्दलचं माझं मत तुम्हीच आणखी पक्कं केलंत.

निखळ

बाप रे, मी एक साधा प्रश्न विचारला होता! सगळ्यांचे आभार. बाबांना ओळंब्याचं वाचून दाखवलं. ते स्थापत्य अभियंता होते, त्यामुळे "हां, हे बघायला हरकत नाही" इतपत आले आहेत. मंगळवार सकाळ पक्की केली.

लेकीचं राहिलंच. तिला चित्रं काढायला आवडतात पण संग्रहालयात अर्ध्या तासात "चला ना" सुरू होतं. तिच्यासाठी काही युक्ती? आणि आम्ही डबा घेऊन जाणार, आत खाता येतं का?

ड्रॉइंगबाई

लेकीला सगळं दाखवायला जाऊ नका. मोठ्यांनाच तीन दालनांनंतर काही दिसेनासं होतं, मुलांचं काय घेऊन बसलात.

एक छोटी वही आणि शिसपेन्सिल द्या. पेन, रंगपेट्या नकोत, आणि दारात एकदा विचारून घ्या. तिला सांगा, तीनच गोष्टी काढायच्या, आणि त्या कुठल्या ते तीच ठरवणार. मोठ्यांनी सुचवायचं नाही, "हात नीट नाही आला" म्हणायचं नाही. ती काढत बसेल तोवर आई बाजूला बसतील आणि तुम्हा दोघांना चित्रांचं दालन निवांत मिळेल. चित्र काढायला बसलेलं मूल एका मूर्तीपुढे जेवढा वेळ थांबतं तेवढा कुठलाही मोठा माणूस थांबत नाही, हे मी शपथेवर सांगेन.

आणि तिला शाळेत रंगचक्र शिकवलं असेल तर तिला एक गंमत सांगा. ते बारा घरांचं चक्र, लाल-पिवळा-निळा आणि मधले मिश्र रंग, ज्यांच्या नावाने जगभरच्या चित्रकलेच्या वर्गांत ओळखतात ते योहानेस इटेन या संग्रहालयाचे पहिले संचालक. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवायचे, मग झ्युरिकच्या कलाशाळेचे प्रमुख झाले आणि १९५२ ते १९५६ इथे. पहिली मांडणी त्यांची. चित्रकलेचा मास्तर संग्रहालय मांडायला बसला की काय होतं? वस्तू कुठल्या गावची, कशासाठी, यापेक्षा तिचा आकार, तिच्या भोवतीची मोकळी जागा, तिच्यावरचा उजेड याला मान मिळतो. ते वळण या घराला अजून आहे. मी स्वतः चित्रकलेची मास्तरीण, त्यामुळे मला ते आवडतं, आणि त्यात काय निसटतं तेही कळतं. मुखवट्याचा झगा असाच निसटला.

आणखी एक, मुखवट्यांवरूनच. युरोपबाहेरच्या कलेच्या या घरात स्वित्झर्लंडचे स्वतःचे मुखवटेही आहेत. वालिस प्रांतातल्या ल्योट्शेन खोऱ्यात हिवाळ्याच्या शेवटी माणसं कातडी पांघरून, लाकडाचे भेसूर मुखवटे चढवून, कमरेला घंटा बांधून गावातून धावतात. फॉन डेर हाइटने तेही जमवले होते. मांडलेले असतील तर लेकीला आधी ते दाखवा आणि कुठले असतील ते ओळखायला सांगा. माझ्या नातवाने आफ्रिका म्हटलं होतं. जावई, जो अस्सल इथला, त्याने तिबेट म्हटलं.

डबा आत नाही. बंगल्यात कॉफीची जागा आहे, पण पाच जणांचं खाणं तिथे महाग पडेल. बागेत खुशाल बसा, हिरवळीवर सतरंजी टाकली तरी कोणी काही म्हणत नाही. कागद, साली उचलून न्यायच्या, हे सांगायला नको. सप्टेंबरात मोठ्या झाडांखाली गार लागतं, आईंसाठी शाल ठेवा.

अबोली_के

मध्येच विचारते. व्हीलचेअर असेल तर बागेतला चढ जमेल का? माझ्या सासऱ्यांना घेऊन जायचंय.

दोन_नंबरचा_फलाट

आजच कामावरून येताना मुद्दाम उतरून बघितलं. वाटा नीट आहेत पण थांब्यापासून वरपर्यंत ढकलणाऱ्याला जोर लावावा लागेल, दोघं असाल तर सोपं. आत लिफ्ट आहेच. नाहीतर आधी फोन करून विचारा, गाडी किती जवळ नेऊ देतात ते. आणि हो बाई, खाली उतरलो. मडकी बघितली. मडक्यांपुढे कोणीच नव्हतं, हे खरं.

ड्रॉइंगबाई

आता चित्रांच्या दालनात जा. बुधवारी ऑफिस सुटल्यावरही उघडं असतं.